छोट्या गावच्या ज्युनियर टीमचा इतिहास लिहायचाय? मग असं करा

आपल्याकडं टीमचा इतिहास म्हटलं की नमुना ठरलेला असतोय. स्थापना अमुक साली, संस्थापक अमुक, मग ट्रॉफ्यांची यादी, मग आजी-माजी अध्यक्षांचे फोटो आणि उरलेल्या पानांवर जाहिराती. स्मरणिका निघाली, हार-तुरे झाले, विषय संपला. मोठ्या माणसांच्या टीमला हे एकवेळ चालून जातंय, पण मंडळाच्या कुमार गटाच्या खो-खो टीमचा, म्हणजे 18 च्या आतल्या पोरांच्या टीमचा इतिहास असा लिहायला बसलात की दोन पानांत गाडी थांबतीय, कारण पोरं तीन-चार वर्षं खेळतात आणि वयात बसेनाशी झाली की गेली, कोण पुण्याला कंपनीत, कोण पोलीस भरतीला, कोण बापाच्या दुकानात. मग इतिहास लिहायचा तरी कुणाचा?

ह्याचं उत्तर मला खो-खोत नाही सापडलं, आइस हॉकीत सापडलं. हसू नका. सोलापुरात बर्फ म्हणजे रसाच्या गाड्यावरचा हे मलाही माहितीये, एप्रिल-मेमध्ये इथं पारा 43-44 ला टेकतो. पण मावसभाऊ कॅनडात रेजायनाला असतो, त्याच्या नादानं मला तिथल्या ज्युनियर हॉकीचं वेड लागलं आणि मग लक्षात आलं की आपली जी अडचण आहे ती तिथल्या प्रत्येक गावाची आहे, आणि त्यांनी ती सोडवलीय. तिथं वरच्या ज्युनियर लीगमध्ये साधारण 16 ते 20 वयाची पोरं खेळतात, 20 वर्षांची तर एका टीमला फक्त तीनच ठेवता येतात, म्हणजे दर चार वर्षांनी अख्खी टीम नवी. आणि गावं केवढी म्हणाल, तर स्विफ्ट करंट 16-17 हजार वस्तीचं, फ्लिन फ्लॉन पाच हजारांच्या आसपास. आपलं बार्शी ह्यांच्यापुढं महानगर आहे.

तर मुद्दा असा की पोरं बदलत राहतात, म्हणून जे बदलत नाही ते पकडायचं. मैदान, गाडी, पैसा, पोरांना जेवू घालणारी घरं, आणि गाव. पोरं त्यातून येत-जात राहतील. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं काम सोपं आहे, सोपं म्हणजे कष्टाचं आहे पण सरळ आहे.

टीम म्हणजे नेमकी कोण ते आधी ठरवा

हे फालतू वाटतं पण सगळ्यात जास्त भांडणं इथंच होतात. स्विफ्ट करंट ब्रॉन्कोज घ्या. 1967 साली सुरू झाली. 1974 ला टीम उचलून लेथब्रिजला नेली, तीच टीम, तेच ब्रॉन्कोज नाव, गाव दुसरं. 1986 ला परत स्विफ्ट करंटला आली. आता 1983 ला लेथब्रिज ब्रॉन्कोजनी लीग जिंकली ती ट्रॉफी कुणाच्या इतिहासात धरायची? टीमचा इतिहास लिहिताय तर ती येणार, गावाचा लिहिताय तर ती बारा वर्षं गावाला टीमच नव्हती असं लिहावं लागणार. ब्रायन ट्रॉटिए, जो पुढं जाऊन एनएचएलचा, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक हॉकी लीगचा, मोठा खेळाडू झाला, तो 1974 ला ह्याच टीममध्ये होता, म्हणजे त्यानं टीम बदलली नाही तरी रेकॉर्डमध्ये त्याच्या नावापुढं दोन गावं लागतात.

फ्लिन फ्लॉनचं उलटं. तिथली बॉम्बर्स टीम 1927 पासूनची. वरच्या लीगमधली जागा 1978 ला विकली गेली, एडमंटनला गेली, पण गावानं नाव सोडलं नाही, खालच्या दर्जाच्या लीगमध्ये त्याच नावानं पुन्हा टीम उभी केली आणि ती आजही खेळते. तिथं कुणालाही विचारा, तो म्हणेल आमची टीम 1927 ची. कागद वेगळं सांगेल. दोन्ही लिहा, आणि कुठलं कशावरून लिहिलंय ते पहिल्याच पानावर सांगून टाका.

आपल्याकडं हे असं होतंय की मंडळ फुटतं. एका मंडळाची दोन होतात, दोघंही स्थापना जुनीच सांगतात, आणि दोघांच्याही भिंतीवर तीच एक जुनी ट्रॉफी असल्यासारखा फोटो लागलेला असतो. इथं निवाडा करायला बसू नका. नोंदणी झालेलं मंडळ असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात घटना, विश्वस्तांची नावं, बदल अर्ज असं सगळं दप्तरी असतंय, ते बघा. आणि त्याच्या आधीची, नोंदणी नसलेली वर्षं वेगळ्या प्रकरणात घ्या. नोंदणीचं साल म्हणजे स्थापनेचं साल नव्हे, बहुतेक मंडळं आधी पाच-दहा वर्षं अशीच खेळलेली असतात आणि मग सरकारी मदतीसाठी किंवा स्पर्धा भरवण्यासाठी कागद करतात.

लीगच्या किंवा स्पर्धेच्या नावावर पण लक्ष ठेवा. ब्रॉन्कोज ज्या लीगमध्ये खेळतात तिचं नाव 1966 पासून तीनदा बदललं, आत्ताचं वेस्टर्न हॉकी लीग हे 1978 पासूनचं. जुन्या पेपरात आजचं नाव शोधत बसलात तर काहीही सापडणार नाही. आपल्या जुन्या इंग्रजी कागदांत सोलापूर 'शोलापूर' म्हणून छापलेलं असतंय, तसंच हे.

आधी तक्ता, मग गोष्टी

मोठी लांब वही घ्या, नाहीतर एक्सेल. एका ओळीत एक सीझन. हॉकीत सीझन दोन कॅलेंडर वर्षांत पसरलेला असतो, सप्टेंबरच्या सुमारास सुरू आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो, म्हणून 1988-89 असंच लिहायचं, नुसतं 1989 नाही. आपल्या शालेय स्पर्धांचंही तसंच, जून ते पुढचं वर्ष. नुसतं एक साल लिहिलंत की सहा महिन्यांची गडबड आयुष्यभर पाठीमागं लागते.

ओळीत काय काय लिहायचं: किती मॅच, जिंकल्या, हरल्या, बरोबरी, कोच कोण, कॅप्टन कोण, घरचं मैदान कुठलं, सीझन कुठं संपला. आणि शेवटचा कॉलम, माहिती कुठून मिळाली. हा कॉलम लोक सोडून देतात आणि नंतर रडतात.

आकडे आले की लगेच बेरीज मारून बघायची सवय लावा. ब्रॉन्कोजचा 1988-89 चा सीझन घ्या: 55 जिंकल्या, 16 हरल्या, 1 बरोबरी. 55 अधिक 16 अधिक 1 म्हणजे 72, तेव्हा लीगमध्ये 72 मॅचच असायच्या, बसलं. जिंकल्याला 2 गुण, बरोबरीला 1, म्हणजे 110 अधिक 1, 111 गुण. तक्त्यात 111 च आहे, झालं, ही ओळ पक्की. कुठं 110 किंवा 113 दिसलं तर समजायचं की छापताना कुणीतरी झोपलं होतं. आता हॉकीत एक गोम आहे, टीमचे गुण वेगळे आणि खेळाडूचे गुण वेगळे. खेळाडूचे गुण म्हणजे त्यानं केलेले गोल अधिक त्यानं दिलेले पास ज्यावर गोल झाला, एका गोलला जास्तीत जास्त दोघांना पासचं श्रेय मिळतं. हे न कळता दोन तक्ते एकत्र केले की खिचडी. आणि आता शूटआऊट आल्यामुळं बरोबरी हा प्रकारच राहिला नाही, तेव्हा जुना सीझन आणि नवा सीझन गुणांवर शेजारी शेजारी ठेवून कोण भारी असं म्हणता येत नाही.

खो-खोत बेरजेसारखीच तपासणी वेळेवर होते. पेपरात येतं की अमक्यानं 2 मि. 10 से. संरक्षण केलं, तमक्यानं 1 मि. 40 से. केलं आणि 4 गडी बाद केले. एकाच गड्याचं संरक्षण एका डावाच्या वेळेपेक्षा जास्त भरलं तर कुठंतरी चूक आहे. बातमी लिहिणारा बऱ्याचदा दोन्ही डावांतली वेळ एकत्र करून टाकतो.

अजून एक, ट्रॉफी तीच असली तरी जिंकायची वाट बदललेली असू शकते. मेमोरियल कप हा तिथला ज्युनियरचा सगळ्यात मोठा कप, पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ 1919 ला सुरू झाला. फ्लिन फ्लॉन बॉम्बर्सनी तो 1957 ला जिंकला तेव्हा पूर्वेचा विजेता विरुद्ध पश्चिमेचा विजेता अशी सरळ मालिका असायची, ती सात मॅचपर्यंत गेली. 1972 पासून सगळे एका गावात जमून राऊंड रॉबिन खेळायला लागले. त्यामुळं ब्रॉन्कोजचा 1989 चा कप आणि बॉम्बर्सचा 1957 चा कप एका ओळीत टाकायचे असतील तर हा फरक सांगावा लागतो. खाणीच्या एवढ्याशा गावानं सात मॅचची मालिका काढली, ह्याला काय म्हणायचं ते वाचणारा म्हणेल.

पेपर कसा बघायचा

बाहेरच्या टीमसाठी हॉकीडीबीसारख्या साइटवर सीझनवार आकडे घरबसल्या मिळतात. पण आकड्याच्या आत काय झालं ते गावच्या पेपरातच असतंय. फ्लिन फ्लॉनला द रिमाइंडर म्हणून पेपर आहे, तसा आपल्याकडं संचार. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ठिकाणी जाऊन जुन्या फायलींची चौकशी करा, आणि जाताना तारखा घेऊन जा, 'जुने पेपर दाखवा' म्हणून गेलात तर समोरचा माणूसही वैतागतो. फायनल रविवारी झाली तर बातमी सोमवारी किंवा मंगळवारी. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत क्रीडा पान आकसतं, सगळी जागा यात्रेला जाते, म्हणून जानेवारीतल्या स्पर्धांच्या बातम्या दोन-चार दिवस पुढं जाऊन पण बघायच्या.

आणि नुसतं क्रीडा पान बघू नका. टीमची खरी माहिती स्थानिक बातम्यांत, सत्काराच्या चार ओळींत, निधन वार्तांत, दहावी-बारावीच्या निकालाच्या जाहिरातीत असते. निधन वार्तेत 'ते एकेकाळचे नामवंत खेळाडू होते' अशी ओळ सापडली की त्या घरात ट्रंक भरून फोटो आहेत असं समजून जायचं.

सोलापूरचं एक वेगळं आहे, एका पेपरावर भागत नाही. पूर्व भागातल्या टीमची माहिती तेलुगू घरांत आहे, काही कन्नड, काही उर्दू, तेव्हा त्या भाषा येणारं एखादं पोरगं बरोबर ठेवा. बोलताना मराठीत बोलतील सगळे, पण जुनं पत्र, जुनी पावती वाचायची वेळ आली की मग कळतंय.

माणसांना काय विचारायचं

'त्या काळच्या आठवणी सांगा' असं चुकूनही विचारू नका. उत्तर येतं, 'काय दिवस होते ते', आणि चहा संपतो. बारीक विचारा. मॅचला कशानं गेला, एसटीनं की टेम्पोनं? टेम्पो कुणाचा? डिझेलचे पैसे कुणी दिले? रात्री कुठं झोपलात, शाळेत की मंगल कार्यालयात? डब्यात काय होतं? भाकरी आणि शेंगाचटणी कुणाच्या घरची? ह्यातून नावं बाहेर पडतात, जी कुठल्याच ट्रॉफीवर नसतात.

कॅनडात ह्याची सोय पद्धतशीर आहे. पोरगं दुसऱ्या गावाहून खेळायला आलं की गावातलं एखादं कुटुंब त्याला सीझनभर घरी ठेवून घेतं, जेवण-खाण, शाळा, शिस्त सगळं बघतं. एकेका घरानं वीस-वीस वर्षं पोरं सांभाळलेली असतात. टीमचा इतिहास लिहायचा तर खेळाडूच्या आधी ह्या बायांकडं जावं, कारण खेळाडूला त्याचे चार सीझन माहिती, तिला वीस माहिती. तसाच साहित्य सांभाळणारा, बर्फ तयार करणारं मशीन चालवणारा, बसचा ड्रायव्हर. आपल्याकडं चुन्यानं मैदान आखणारे काका, पोल रोवणारा, शाळेचा शिपाई, पंचांना घेऊन येणारा रिक्षावाला. हे सगळे वयस्कर आहेत, ह्यांच्याकडं उद्या नाही, आजच जा. माजी खेळाडू कुठं पळत नाहीत, ते नंतर भेटले तरी चालतंय.

दोन माणसांची आठवण जुळली नाही तर दोघांनाही खोटं पाडू नका, दोन्ही लिहा आणि पेपर काय म्हणतो ते तिसरं लिहा. आणि तीन माणसं एकच गोष्ट शब्द न् शब्द सारखी सांगायला लागली तर जरा सावध व्हा, ती गोष्ट गणपतीच्या स्टेजवर कुणीतरी भाषणात सांगितलेली असते.

पैसा कुठून आला

हे प्रकरण कुणी लिहीत नाही आणि मला विचाराल तर हेच सगळ्यात भारी असतं. स्विफ्ट करंट ब्रॉन्कोजचा मालक कुणी शेठ नाही, टीम गावाच्या मालकीची आहे. म्हणजे तिथं वार्षिक सभेत नफा-तोटा सगळ्यांसमोर येतो, आणि इतिहास लिहिणाऱ्याला ते कागद म्हणजे घबाडच. फ्लिन फ्लॉन तांब्या-जस्ताच्या खाणीचं गाव, आणि तिथली शेवटची खाण 2022 ला बंद झाली. टीम चालू आहे. मग आता ती कशावर चालते, हा प्रश्न सोलापूरकराला वेगळा सांगायला नको, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जुनी मिल बंद झाल्यावर त्या त्या भागातल्या तालमी, मंडळं, मेळे कशावर चालले हे आपण बघितलंय.

तेव्हा मंडळाचं प्रोसिडिंग बुक मागा, वर्गणीची पावती पुस्तकं मागा, जुन्या अहवालातल्या जाहिराती बघा. जाहिरातींत कधी चादर कारखाने, कधी विडीवाले, कधी कापड दुकानं आणि नंतर नंतर बिल्डर, एवढ्यावरून सुद्धा गावाचा पैसा कुठून कुठं सरकला ते दिसतं. हिशोब मागताना मात्र आधी सांगून ठेवा की ऑडिट करायला आलो नाही, नाहीतर खजिनदार कुलूप लावून गावाला जातात.

फोटो

फोटो मिळाला की आधी त्याच्या पाठीमागं बघा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेली नावं. स्कॅन करताना पाठही स्कॅन करा. नावं डावीकडून उजवीकडं, उभे आणि बसलेले वेगळे, आणि निदान दोन वेगळ्या माणसांकडून वदवून घ्या, एकमेकांसमोर नाही. जर्सीच्या नंबरावरून ओळखायला जाऊ नका, ज्युनियरमध्ये नंबर दरवर्षी दुसऱ्याच्या अंगावर असतो.

चेहऱ्यावरून ओळखणं किती अवघड असतं ह्याचं एक वाईट उदाहरण आहे. 6 एप्रिल 2018 ला हम्बोल्ट ब्रॉन्कोज (नाव तेच, टीम वेगळी) ह्या स्विफ्ट करंटच्याच सस्कॅचेवान प्रांतातल्या ज्युनियर टीमच्या बसला ट्रकचा अपघात झाला, 16 जण गेले. प्लेऑफसाठी पोरांनी मिळून केस पिवळे रंगवून घेतले होते, सगळी एकाच वयाची, एकाच बांध्याची, आणि त्यात दोन पोरांची ओळख उलटीसुलटी झाली. गेलेला कोण आणि दवाखान्यात असलेला कोण हे दोन घरांना दोन दिवसांनी कळलं. त्यामुळं फोटोखाली नाव टाकताना 'बहुतेक' असेल तर बहुतेक असंच छापा.

जे कुणी बोलत नाही ते

प्रत्येक टीमच्या इतिहासात एक-दोन पानं अशी असतात. स्विफ्ट करंट ब्रॉन्कोजची दोन आहेत. पहिलं, 30 डिसेंबर 1986. गावात टीम परत येऊन पहिलाच सीझन, रेजायनाला मॅचला निघाले, गावाच्या बाहेर रस्त्यावर बर्फाचा पातळ थर, बस घसरून उलटली. मागं बसलेली चार पोरं गेली: ट्रेंट क्रेसी, स्कॉट क्रूगर, ख्रिस मँटिका, ब्रेंट रफ. जो सॅकिक, जो पुढं एनएचएलमध्ये गाजला, तोही त्याच बसमध्ये होता. लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी आज ह्या चौघांच्या नावानं आहे. आणि तीन सीझनच्या आत, मे 1989 ला, त्याच टीमनं सस्काटूनमध्ये मेमोरियल कप घेतला, यजमान सस्काटून ब्लेड्सला जादा वेळेत 4-3 नं हरवून, शेवटचा गोल टिम टिसडेलचा.

इतकं लिहून थांबलं तर सिनेमा होतो. 1989 चे पेपर उघडले तर कोच ग्रॅहम जेम्सचं कौतुकच कौतुक आहे. 1997 ला तोच माणूस आपल्याच खेळाडूंच्या लैंगिक शोषणाबद्दल कोर्टात दोषी ठरला, साडेतीन वर्षांची शिक्षा झाली, आणि शेल्डन केनेडी ह्या त्याच टीमच्या खेळाडूनं नाव न लपवता सगळ्यांसमोर येऊन सांगितलं. हा केनेडी 1986 च्या बसमध्येही होता आणि 1989 च्या विजेत्या टीममध्येही. म्हणजे पेपरातली बातमी त्या दिवसापुरती खरी होती आणि तरीही तिच्यात निम्मं नव्हतं.

आता लिहिणाऱ्यानं काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे: कोर्टात सिद्ध झालेलं असेल तर नावानिशी लिहायचं, कपाच्या पानाशेजारीच लिहायचं, मागं परिशिष्टात ढकलायचं नाही. कप पण काढून टाकायचा नाही, तो पोरांनी जिंकलाय. ज्यानं सोसलं त्यानं स्वतः जगासमोर सांगितलं असेल तरच त्याचं नाव, नाहीतर नाही. आणि नुसती कुजबुज असेल तर छापायची नाही, पण तुमच्याकडं असं कुणी बोलायला आलं तर इतिहास बाजूला ठेवा, पोरगं अजून 18 च्या आतलं असेल तर 1098 ह्या चाइल्डलाइनला फोन लावायचा. ज्युनियर टीमचं काम करताय म्हणजे हे तुमच्या वाट्याला येऊ शकतं.

आपल्याकडची न बोलली जाणारी पानं बऱ्याचदा साधी असतात: खोटे वयाचे दाखले. 18 च्या गटात 21 चा गडी. सगळ्यांना माहिती असतंय आणि सगळे हसून सांगतात. कुणा एकाचं नाव घालून त्याची नोकरी धोक्यात आणू नका, पण त्या काळात दाखले कसे मिळायचे, आक्षेप कोण घ्यायचं, पंच काय करायचे हे जरूर लिहा.

लिहायला बसल्यावर

सगळे सीझन सारख्या लांबीचे लिहू नका. दहा सीझनला एक पान पुरे, आणि एका सीझनला दहा पानं द्या. तो सीझन जिंकलेलाच पाहिजे असं नाही. मी असतो तर फ्लिन फ्लॉनमध्ये 1968-69 निवडला असता, बॉबी क्लार्कचा शेवटचा सीझन, गावातच जन्मलेलं पोरगं, मधुमेह असलेलं, आणि त्या मधुमेहापायीच 1969 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएलच्या टीम पाळीपाळीनं नवी पोरं निवडतात त्यात, त्याला घ्यायला टीम बिचकत होत्या, सतराव्या नंबरवर फिलाडेल्फियाच्या टीमनं उचललं. पुढं त्याच्याच कॅप्टनशिपमध्ये त्यांनी 1974 आणि 1975 ला स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचा कप घेतला, पण ते पुढचं फिलाडेल्फियाच्या इतिहासात. तुमच्या पुस्तकात पोरगं गावाबाहेर पडलं की दोन ओळींत उरकायचं.

छापताना गुळगुळीत कागदाच्या नादाला लागू नका, साधा कागद, फोटोंची आठ-दहा पानं चांगली, झालं. पहिली प्रत कच्ची काढा आणि पार्कवर संध्याकाळी जुनी मंडळी बसतात त्यांच्या हातात द्या, बरोबर लाल पेन द्या. आठवडाभरात नावं, इनिशियल्स, साल सगळं दुरुस्त होऊन येतं, वर चार शिव्या पण येतात, त्या सोडून द्यायच्या. पक्की प्रत एक वाचनालयाला, एक शाळेला, एक जिल्हा क्रीडा कार्यालयाला, आणि तक्त्याची फाईल पेनड्राइव्हवर दोन वेगळ्या घरांत.